इंजिन कुठं आहे?

उमापुरात स्पोर्ट्स कार मी आजतागायत पाहिलेली नाही. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, गेवराई तालुक्यातलं. ट्रॅक्टर भरपूर, बोलेरो आहेत, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन जाणारे ट्रक दिसतात. जमिनीला टेकलेली दोन सीटची गाडी गावात शिरलीच, तर पहिल्या स्पीडब्रेकरवरच बसेल. तरीपण मिड-इंजिन स्पोर्ट्स कार चांगली की वाईट, यावर आमच्याकडे जवळजवळ तीन वर्षं वाद चालू होता. हसू नका, खरंच सांगतोय.

कारण होतं डीसी अवंती. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 2012 च्या जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये अमिताभ बच्चनच्या हस्ते ही गाडी लोकांपुढे आली. बनवणारे दिलीप छाब्रिया, म्हणजेच डीसी. लोकांच्या गाड्या आतून-बाहेरून बदलून देण्यात त्यांचं नाव आधीच झालेलं होतं. 'भारताची पहिली सुपरकार' अशी जाहिरात झाली. दोन सीट आणि इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे. प्रत्यक्ष रस्त्यावर यायला 2015 उजाडलं. तेव्हा तिच्यात रेनोचं 2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन होतं, ताकद 250 अश्वशक्तीच्या आसपास आणि किंमत पस्तीस लाखांच्या घरात.

माझा पुतण्या 2012 साली नववीत होता. त्याने पेपरातला फोटो कापून वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवला आणि तिथून सगळं सुरू झालं. वादाची जागा म्हणजे स्टँडजवळचं मिस्त्रींचं गॅरेज. एका बाजूला पुतण्या आणि त्याचे दोन मित्र, दुसऱ्या बाजूला माझा आतेभाऊ, जो वाळूजला एका कारखान्यात कामाला होता आणि सुट्टीला गावी आला की सगळ्यांना शहाणं करून सोडायचा. मधे मिस्त्री. आणि एका बाकावर तात्या, ज्यांना फक्त किंमत ऐकायची असायची. "पस्तीस लाख? पाच ट्रॅक्टर येतील रे!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पहिला वाद अर्थातच इंजिन मधे कशाला, हा. पोरांना 'मिड-इंजिन' हा शब्द आवडला होता, पण त्याने होतं काय ते त्यांना सांगता येत नव्हतं. ते सांगितलं तात्यांनी. म्हणजे गाडीचं नाही, बैलगाडीचं सांगितलं. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलळते, जू वर उचललं जातं. ओझं पुढे जास्त झालं की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून भरणारा माणूस ओझं आखावर तोलून भरतो. मोटारीचंही तेच. इंजिन हा गाडीतला सगळ्यात जड डाग. तो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे ठेवला की भार चारही चाकांवर बरा वाटला जातो आणि वळणावर गाडी पटकन फिरते. दोन्ही हातांत घागरी घेऊन, हात फाकवून गर्रकन वळून बघा, आणि मग त्याच घागरी छातीशी धरून वळून बघा. फरक लगेच कळेल. 1966 साली लॅम्बोर्गिनीची मिउरा आली तेव्हापासून महागड्या वेगवान गाड्यांमध्ये हीच रचना रुळत गेली. अमेरिकेत शेवरोलेची कॉर्वेट 1953 पासून पुढे इंजिन घेऊन धावत होती, ती 2019 साली आलेल्या आठव्या पिढीत मिड-इंजिन झाली. तेव्हा तिकडचे जुने कॉर्वेटवाले "आमची गाडी बिघडवली" म्हणून चिडले होतेच. म्हणजे हा वाद फक्त आमच्या गॅरेजात झाला असं नाही.

तोटेही आहेत. सामान ठेवायला जागा नाही. इंजिनाचा आवाज आणि गरमी पाठीशी. आणि जी गाडी वळणावर पटकन फिरते, ती घसरायला लागली की तितक्याच पटकन गरकन फिरते. नवख्याला सावरायला वेळ मिळत नाही.

मिस्त्री हे सगळं ऐकत होते. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या मारुती व्हॅनकडे बोट दाखवलं. "हिचं इंजिन कुठं आहे?"

पोरं गप्प. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं. पुढच्या चाकांच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे. ताकद मागच्या चाकांना. म्हणजे 1984 साली मारुतीने आणलेली, शाळेची पोरं आणि लग्नाची वऱ्हाडं वाहणारी, 796 सीसीची ती डबडी व्याख्येने मिड-इंजिन! उन्हाळ्यात तिच्या पुढच्या सीटवर बसून ज्यांची पाठ आणि मांड्या शेकल्यात, त्यांनी मिड-इंजिनाचा एक तोटा स्वतः अनुभवलाय. मिस्त्री म्हणाले, "मधे इंजिन लै झालं. काम करायला हात कुठून घालायचा ते सांगा." तोटा नंबर दोन.

दुसरा वाद जास्त कडू होता. आतेभाऊ म्हणायचा, इंजिन फ्रान्सच्या कंपनीचं, मग गाडी भारताची कशी? कपडे आपले आणि काळीज दुसऱ्याचं. पोरांना हे फार लागायचं. पण खरं सांगायचं तर हा मुद्दा मला कधीच पटला नाही. इंग्लंडची लोटस एलिस 1996 साली आली, तिच्यात इंजिन रोव्हरचं होतं, पुढे टोयोटाचं आलं. मॅक्लारेन एफ-वनचं प्रसिद्ध व्ही-ट्वेल्व्ह बीएमडब्ल्यूचं. तरी त्या गाड्यांना कोणी उसन्या म्हणत नाही. आपल्याकडे गोव्याच्या सॅन मोटर्सची सॅन स्टॉर्म होती, 1998 च्या सुमाराची, फायबरच्या बॉडीची छोटीशी दोन सीटची. इंजिन पुढे होतं, पण तेही रेनोचंच. छोट्या कंपनीने स्वतःचं इंजिन बनवायला घेतलं तर ती गाडी बनवायच्या आधीच बुडेल. दुसऱ्याचं चांगलं इंजिन घेऊन त्याच्याभोवती चांगली गाडी बांधणं, हे कमी प्रतीचं काम नाही.

मग अवघड काम कोणतं? ते मला 2015 साली नीट कळलं, आणि त्याचं निमित्त गाडी नव्हती, पुतण्या होता.

त्या वर्षी तो बारावी झाला. पावसाने मराठवाड्याला सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. कापूस करपला होता, गल्लीत टँकर आला की भांडी घेऊन पळापळ व्हायची. आणि याने घरी सांगितलं की मला पुण्याला गाड्यांचं डिझाइन शिकायचंय. खाजगी कॉलेज, चार वर्षं, फीचा आकडा असा की दादाला दोन एकर विकावे लागले असते. दादा फोनवर मला एवढंच म्हणाला, "तू ये. त्याला नाही म्हणायला माझी जीभ उचलत नाही, आणि हो म्हणायची ऐपत नाही."

मी गेलो. संध्याकाळी नेहमीसारखे सगळे गॅरेजात जमले, पण त्या दिवशी अवंतीवर वाद घालायला कोणाला उत्साह नव्हता. पुतण्याने वही आणली होती. तीन वर्षांत त्याने काढलेल्या गाड्यांची चित्रं. चांगली होती, उगाच कशाला नाही म्हणू. सगळ्या गाड्यांचं इंजिन मधोमध.

मिस्त्रींनी एकेक पान उलटून पाहिलं. मग विचारलं, "ही गाडी दहा वर्षांनी माझ्याकडं आली, तर पार्ट कुठून आणायचा?"

पुतण्या म्हणाला, कंपनी देईल.

"कंपनी राहील का?"

यावर कोणी बोललं नाही. मिस्त्री पुढे म्हणाले, "चित्र काढणारा एक असतो पोरा, आणि बनवणारे शंभर. आधी त्या शंभरात जा. चित्र कुठं पळून जात नाही."

त्या रात्री मी दादाला सांगितलं की जमीन विकू नको, पण पोराला गाड्यांपासून तोडूही नको. बारावी सायन्सवर मेकॅनिकलच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, तो घेतला. पुतण्या दोन महिने माझ्याशी नीट बोलला नाही. त्याचा राग रास्त होता, असं मला आजही वाटतं. ऐपतीमुळे बदललेली वाट ही ऐपतीमुळे बदललेलीच असते, तिला शहाणपणाचं नाव देऊ नये.

डिप्लोमा संपत आला तेव्हा, 2017 च्या मार्चमध्ये, टाटांनी जिनिव्हाच्या प्रदर्शनात टॅमो रेसमो दाखवली. परत मिड-इंजिन, परत दोन सीट! आणि या वेळी इंजिन टाटांचं स्वतःचं. 1.2 लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल, नेक्सॉनमधल्या इंजिनाच्याच घराण्यातलं, पण 190 अश्वशक्ती काढणारं. शून्यापासून शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत, असं कंपनी सांगत होती. आतेभावाचं तोंड बंद झालं, कारण आता काळीजही आपलंच होतं. पुतण्याचा फोन आला, "काका, बघितलं का?" दोन वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी गाड्यांबद्दल बोलला. मला त्या गाडीपेक्षा त्या फोनचाच आनंद जास्त झाला.

ती गाडी मात्र विक्रीला आलीच नाही. 2018 मध्ये तो प्रकल्प बाजूला ठेवला गेला. अवंतीही टिकली नाही. 2020 च्या डिसेंबरात छाब्रियांना फसवणुकीच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी अटक केली. आरोपांचं खरंखोटं करणं न्यायालयाचं काम, माझं नाही. पण एका गाडीचं इंजिन उसनं होतं, दुसरीचं घरचं होतं, इंजिन दोन्हींचं मधोमध होतं, आणि दोन्ही आज विकत मिळत नाहीत. म्हणजे आम्ही तीन वर्षं ज्या दोन मुद्द्यांवर घसा कोरडा केला, त्यांच्यावर गाडीचं नशीब ठरलंच नाही. सुंदर गाडी एकदा बनवणं आणि तीच गाडी पुन्हा पुन्हा बनवून, विकून, वर्षानुवर्षं सांभाळणं, यांतलं दुसरं काम अवघड. मिस्त्रींचा प्रश्न तोच होता.

मग तो वाद फुकट गेला का? मला नाही वाटत. ज्या गाडीत आपण कधी बसणार नाही तिच्यावर भांडताना आमच्या पोरांना वजनाचा तोल कळला, टर्बो म्हणजे काय ते कळलं, किंमत आणि मोल यांतला फरक कळला. पुतण्या आता चाकणजवळ एका लहानशा कारखान्यात आहे. गाड्यांच्या सीटच्या सांगाड्यांची तपासणी करतो. मागे म्हणाला, "काका, एक सांगाडा कोणीपण बनवील. हजारावा पहिल्यासारखा निघाला पाहिजे, तिथं झोप उडते." चित्रं अजून काढतो. दादाचे दोन एकर अजून दादाच्या नावावर आहेत.

आता विजेच्या गाड्या आल्यात. त्यांत जड डाग म्हणजे बॅटरी, आणि ती तळाला पसरलेली. त्यामुळे 'इंजिन कुठं आहे' हा प्रश्नच हळूहळू मागे पडणार. गॅरेजातली नवी पोरं हल्ली बॅटरी किती किलोमीटर चालते यावर भांडतात. मिस्त्री थकलेत, पण ऐकत असतात. त्यांनी परवा विचारलंच, "दहा वर्षांनी ही बॅटरी कुठं मिळंल?"