हिमालयन निघाली कोरपन्याला!

ऑफिसच्या बेसमेंट पार्किंगमध्ये एकदा नीट नजर टाका. दोन-चार उंचच्या उंच, पुढे चोच काढलेल्या बाइक्स नक्की दिसतील. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या, पुढे फॉगलॅम्पची जोडी, क्रॅश गार्डला टांगलेला जेरी कॅन, हॅण्डलवर मोबाइल होल्डर. बघणाऱ्याला वाटावं, साहेब कालच लडाखहून उतरले. प्रत्यक्षात गेले आठ महिने गाडीचा रूट एकच, घर ते ऑफिस आणि ऑफिस ते घर!

हसू नका. मीसुद्धा याच जमातीतला. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डने हिमालयन आणली आणि 'ॲडव्हेंचर टूरर' हा प्रकार पगारदार माणसाच्या ईएमआयमध्ये बसायला लागला. मग २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स २००, २०२० मध्ये केटीएमची ३९० ॲडव्हेंचर, आणि २०२३ च्या शेवटी वॉटर-कूल्ड इंजिनची हिमालयन ४५०. माझी जुनी ४११ आहे. दोनशे किलोच्या आसपास वजन, पंधरा लिटरची टाकी, पुढे एकवीस इंची चाक. ताकद फार नाही, पण चिखलात, खड्ड्यात, चढावर तक्रार न करता चालते. नवऱ्यांपेक्षा बरी, असं आमच्या ग्रुपमधली एक्सपल्सवाली म्हणते!

तर या गाड्यांचं करायचं काय? सगळे म्हणतात लेह, मनाली, स्पिती. आम्ही चौघांनी (एक ४११, एक ४५०, एक केटीएम आणि ती एक्सपल्स) जानेवारीतल्या लाँग विकेंडला नागपुरातून गाड्या काढल्या आणि दक्षिणेकडे वळवल्या. चंद्रपूर, राजुरा, गडचांदूर, कोरपना. अंतर दोनशेच्या थोडं वर.

'कोरपना? तिथे आहे काय?' हा प्रश्न आम्हाला प्रत्येकाच्या घरी विचारला गेला.

सिमेंटचा तालुका

सांगतो काय आहे. चुनखडीवर बसलेला हा चंद्रपूर जिल्ह्यातला तालुका. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा, एवढ्या एका तालुक्यात सिमेंटचे चार मोठे कारखाने! मुंबई-पुण्याच्या टॉवर्समधलं थोडं तरी सिमेंट इथून आलं असणार. साहजिकच राजुऱ्यापासून पुढे रस्त्यावर राज्य ट्रकचं आणि बल्करचं. बल्कर म्हणजे ती पोटं सुटलेली टाकीवाली गाडी, जिच्यातून सुटं सिमेंट जातं. एकामागे एक, चोवीस तास. आणि सगळ्यावर बारीक पांढरट धूळ. झाडावर, टपरीवर, बसस्टँडवर, आणि अर्ध्या तासात तुमच्या नाकातसुद्धा.

कॅटलॉग वाचून घेतलेल्या ॲक्सेसरीजची खरी परीक्षा इथे होते. पहिला निकाल पेट्यांचा लागला. केटीएमवाल्याच्या दोन्ही बाजूंच्या पेट्या हॅण्डलएवढ्या रुंद. हायवेवर रुबाब, पण इथे बल्कर ओव्हरटेक करताना एका हाताला त्याची चाकं आणि दुसऱ्या हाताला साइडपट्टीचा भुसभुशीत उतार. मधल्या जागेत गाडी मावते, पेटी मावत नाही. तो बिचारा पंचवीस किलोमीटर एकाच बल्करच्या मागे धूळ खात आला. दुसरी गोष्ट कोणी सेल्समन सांगत नाही. कच्च्या रस्त्यावर गाडी आडवी झाली, तर या कडक पेटीखाली पाय अडकतो. कापडी सॅडलबॅग दबते, पेटी दबत नाही. रिकाम्या पेट्या आणि त्यांची फ्रेम मिळून दहा-पंधरा किलो सहज होतात, ते वेगळंच.

गडचांदूरला पोचेपर्यंत त्या फ्रेमचा एक जोड तडकला. कुठल्या कंपनीची ते सोडा, महागातली होती. बसस्टँडच्या पुढे एका वेल्डिंगच्या दुकानात गेलो. दुकानदार काकांनी फ्रेम बोटाने वाजवून पाहिली.

"पेटी तं लय मस्त आहे भाऊ," ते म्हणाले, "पण हा पाइप पोकळ आहे. आमचा रस्ता पाह्यला का तुम्ही?"

मग त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल? बॅटरीची वायर काढायला लावली. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू असतो. बॅटरी जोडलेली ठेवून गाडीवर वेल्डिंग मारलं तर तो उडू शकतो आणि त्याचं बिल ऐकून आपणही. काकांना हे ठाऊक होतं. फ्रेम सोडवून घेतली, कोपऱ्यात लोखंडाची तिकोनी पत्ती जोडली, वर काळा रंग मारला. अर्ध्या तासाचं काम. पैसे इतके कमी सांगितले की केटीएमवाल्याने दोनदा विचारलं.

दुकानाबाहेर दुरुस्तीला आलेल्या बाकीच्या गाड्या बघत बसलो. साध्या शंभर सीसीच्या. एकीच्या मागे जाड सळईचं कॅरिअर, त्यावर फवारणीचे दोन पंप बसतील अशी खोबण. दुसरीला दुधाच्या कॅनसाठी दोन्हीकडे हुक. तिसरीच्या साइड स्टँडखाली पत्र्याचा चौकोनी तुकडा, कारण इथली माती काळी. पावसात स्टँड रुतून गाडी लोळण घेते. हाच तुकडा आम्ही 'साइड स्टँड एक्स्टेंडर' या नावाने ऑनलाइन मागवतो, डब्यात, लोगोसकट!

काय लावावं, काय काढावं

आता थोडं कामाचं. धुळीच्या प्रदेशात पहिला मान एअर फिल्टरचा. मॅन्युअलमधलं अंतर विसरा, ट्रिपनंतर उघडून बघाच. चेनला ल्यूब सढळ हाताने मारू नका. ओल्या तेलावर धूळ बसते आणि तिचा पॉलिश पेपर होतो, चेन-स्प्रॉकेट दोन्ही खातो. हेल्मेटची काच कोरड्या रुमालाने पुसू नका, आधी पाणी ओता, नाहीतर ओरखडे कायमचे. ४५० वाल्यांनी रेडिएटर गार्ड लावलाच पाहिजे, ट्रकच्या चाकाखालून खडी गोळीसारखी येते. बॅश प्लेट चालेल. हॅण्डलचे रायझर उंच माणसाला कच्च्यावर उभं राहून चालवताना उपयोगी, बुटक्याने उगाच घेऊ नयेत.

फॉगलॅम्पची एक गंमत. आपण पांढरेशुभ्र, झगझगीत घेतो. पण धुळीत आणि धुक्यात पांढरा प्रकाश कणांवर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो, समोर नुसती भिंत दिसते. पिवळे आणि खाली बसवलेले जास्त कामाचे. रिलेशिवाय वायरिंग करू देऊ नका. आणि समोरून बैलगाडी, सायकल किंवा दुसरी बाइक आली की ते बंद करायचा बटण अंगठ्यापाशी असू द्या.

जेरी कॅन? शोभेचा. पंधरा लिटरची टाकी गडचांदूरला फुल केली की डोंगर चढून उतरून परत आलं तरी काटा अर्ध्याच्या वर. पुढच्या क्रॅश गार्डला पाच लिटर पेट्रोल टांगून पडायची हौस कोणाला आहे?

उरला सायलेन्सर. हा विषय आमच्या ग्रुपमध्ये भांडणाचा.

आमच्या ४५० वाल्याने आफ्टरमार्केट कॅन बसवलेला. आतली जाळी, ज्याला हे लोक 'डीबी किलर' म्हणतात, ती काढून बॅगेत. आवाज काय विचारता, पोटात हलतं! दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गडचांदूरहून माणिकगडच्या डोंगरात, जिवतीच्या घाटाला लागलो. अमलनाल्याचं पाणी मागे पडलं, सागवान सुरू झालं, ट्रक गायब. रस्ता वळणावळणाचा, एका बाजूला उतार. हा पुढे होता, जोशात.

एका वळणावर कापसाने भरलेली बैलगाडी. वर ढिगावर दोन पोरं बसलेली, कासरा त्यांच्या आजोबांच्या हातात. हा बाजूने गेला आणि बैल बिथरले. एक बैल उताराच्या बाजूला सरकला, गाडीचं चाक डांबरावरून खाली उतरलं, ढीग कलला. लहान पोरगी घसरत काठापर्यंत आली. आजोबा खाली उडी मारून बैलांच्या पुढे उभे राहिले, वेसण धरली आणि "हो हो हो" करत राहिले. बैल थांबले. सगळं मिळून दहा सेकंद असतील. मी मागून हे बघत होतो आणि इंजिन बंद करण्याशिवाय मला काही करता आलं नाही.

आम्ही चाक वर घ्यायला खांदा लावला. ४५० वाला आरशात बघून परत आला होता. आजोबा ओरडले नाहीत. त्यांनी गाडीच्या नळकांड्याकडे बोट केलं आणि विचारलं, "हे बिघडलं का बाबू?"

त्याला उत्तर सुचेना. एक्सपल्सवालीने बॅगेतून ॲलन की काढून त्याच्या हातावर ठेवली. तिथेच, सायलेन्सर निवेपर्यंत पंधरा मिनिटं थांबून, त्याने जाळी परत बसवली. पोरगी ढिगावरून सगळी प्रक्रिया लक्ष देऊन बघत होती.

कायदा काय म्हणतो तेही ऐकून ठेवा. कंपनीने दिलेल्या स्पेसिफिकेशनमध्ये मनाने बदल करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मालकाला बेकायदा प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बॅग, गार्ड, विंडस्क्रीन या जोडायच्या-काढायच्या वस्तू. सायलेन्सरचं तसं नाही.

दोन राज्यांच्या मधोमध

वर जिवतीच्या पठारावर पोचलो की चित्र एकदम बदलतं. मोकळी हवा, कापूस-तुरीची शेतं, मध्ये गोंड आणि कोलामांचे गुडे. आणि चहाच्या टपरीवर अस्सल मराठवाडी कानावर पडते! चंद्रपुरात? हो. दुष्काळाच्या काळात, विशेषतः १९७२ च्या आगेमागे, नांदेड-लातूरकडची कुटुंबं इथे जमीन कसायला आली आणि राहिली. एकाच बाकावर 'कायले', 'कशाला' आणि तेलुगू, तिन्ही ऐकले.

हा सगळा मुलूख एकेकाळी निजामाचा. राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याला. रेषा ओढली तरी गुंता पूर्ण सुटला नाही. जिवती तालुक्यातल्या परमडोली, मुकदमगुडा अशा चौदा गावांवर महाराष्ट्र आणि शेजारचं राज्य (आधी आंध्र, आता तेलंगणा) दोघांनी हक्क सांगितला. लोकांकडे दोन-दोन रेशनकार्डं, दोन-दोन मतदार ओळखपत्रं. आपल्याला आरसी ट्रान्सफर करताना एक एनओसी मिळवायची तर घाम फुटतो. ही माणसं दोन सरकारांच्या कागदांवर आयुष्य काढताहेत. एका गावात आमच्या नागपूर पासिंगच्या नंबरप्लेट बघून एका म्हाताऱ्याने विचारलं, "सर्वेवाले का?" नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

माणिकगडही इथेच. माना नाग राजांचा जुना किल्ला, पाचशे मीटर उंचीच्या आसपास. गाडी खाली ठेवून पायी जा. आणि तट, बुरूज बघताना हेल्मेट कॅमेरा काढून ठेवला तर काही बिघडत नाही.

परतताना आम्ही पाचच्या आत घाट उतरलो. हौस म्हणून नाही. पलीकडे तेलंगणातला कवल व्याघ्र प्रकल्प, पश्चिमेला यवतमाळचं टिपेश्वर, उत्तरेला ताडोबा. मधल्या पट्ट्यात वाघ फिरतात. राजुरा भागात आरटी-१ नावाच्या वाघाने कित्येक शेतकऱ्यांचे बळी घेतले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये वनखात्याने त्याला पकडलं. इथल्या माणसाला संध्याकाळी शेतातून घरी यायची भीती असते. आपण सूर्यास्ताचा फोटो मिळावा म्हणून जंगलरस्त्यावर गाडी उभी करायची, हे मला पटत नाही.

जायचंय?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चमध्ये पळस फुलतो, पण ऊन चढायला लागतं. मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो, रायडिंग जॅकेटमध्ये उकडून निघाल. पावसाळ्यात डोंगर हिरवागार, मात्र काळी माती चाकाला चिकटते. हिमालयनला टायरलगतचं खालचं मडगार्ड आहे, त्यात ती गच्च बसते आणि चाक फिरेनासं होतं. मुक्काम चंद्रपूर किंवा गडचांदूरला करा. नागपूरहून पहाटे निघालात तर तर्री पोहे चंद्रपुरात, पेट्रोल आणि टायरमधली हवा गडचांदूरला. कोरपन्याहून आदिलाबादचा रस्ता पकडून तेलंगणात उतरता येतं, किंवा वणीमार्गे नागपूरला परत. आम्ही वणीमार्गे आलो. केटीएमवाल्याच्या पेट्या मात्र एसटीच्या पार्सलने चंद्रपूरहून नागपूरला गेल्या, आणि अजून तिथल्या त्याच्या काकांच्या माळ्यावर आहेत. कोणाला घ्यायच्या असतील तर कळवा. फ्रेम मजबूत आहे!