ओसाड म्हणे!

‘ओसाड माळ हिरवा करूया’ असा फलक ज्या माळावर रोवला होता, तिथंच आदल्या भाद्रपदात आम्ही मीटरभर लांबीरुंदीच्या चौकटी टाकून रोपं मोजली होती. एकेका चौकटीतल्या जाती लिहिताना तक्त्यातल्या ओळी अपुऱ्या पडल्या. आणि म्हणे ओसाड! राग अजून जात नाही.

जागा जुन्नरच्या पश्चिमेची, हातवीज-दुर्गावाडीच्या अंगाला. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही. काम तसं सरळ : पावसाळ्यात फुलं पाहायची, दिवाळीच्या सुमाराला गवत; कुठली जात वाढली, कुठली हटली, उघडा खडक किती, शेण किती, रानमोडीचं तण शिरलं का, वणव्याची खूण आहे का. खडकावर जेमतेम वीतभर माती. पाणी साचतं तिथं सीतेची आसवं आणि गेंद, जरा बऱ्या मातीत कवला, तेरडा, मागून सोनकी. बहुतेक सगळी बुटकी. गवत डोक्यावर चढायच्या आत फुलून बी धरायचं, एवढीच त्यांना सवड.

आता त्या फलकाबरोबर आलेल्या झाडांच्या खड्ड्यांचं सांगते. कुणा कंपनीच्या देणगीतून ओळीनं खणलेले, गुडघाभर खोल. खणताना वरची काळी माती खाली जाते आणि मुरूम वर येतो. तो सैल मुरूम पहिल्याच पावसात उताराला पसरला, त्याखाली आमच्या दोन चौकटी गेल्या. रानातले कंद उपटून कडेला पडलेले, उन्हात सुरकुतलेले. आणि खड्ड्यात काय लावलं? ग्लिरिसिडिया! चैत्रापर्यंत निम्म्याअधिक काड्या वाळल्या. पुढच्या वर्षी मुरमाच्या ढिगांवर गवत आलं नाही, रानमोडी मात्र आली. फलकावर लावलेल्या रोपांचा आकडा रंगवलेला होता, जगलेल्या रोपांना जागाच नव्हती. राज्यात २०१६ साली एका दिवसात दोन कोटी झाडं लावायचं ठरलं, २०१९चं उद्दिष्ट ३३ कोटींचं होतं. एवढी झाडं लावायची तर जमीन हवी, आणि झाड दिसत नाही ती जमीन रिकामी, असं आपण सगळ्यांनीच धरून टाकलंय. शाळेतल्या चित्रातसुद्धा निसर्ग म्हणजे झाडच असतं.

हे सगळं मी तावातावानं वाडीत बोलले. ऐकून घेतल्यावर एक मावशी म्हणाल्या, “खड्डं आम्हीच खणलं की ताई. घराजवळ रोज मिळाला, औंदा नारायणगावला जावं नाही लागलं.” नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर पहाटे उभं राहणं, टोमॅटोच्या शेतात राबणं, पोरं सोबत नेणं, हे मला ऐकून माहीत होतं. मग त्यांनीच विचारलं, “तुम्ही गवत मोजता, त्याचं पैसं मिळत्यात का?” मिळतात, म्हटलं. पुढे काय बोलावं सुचेना.

याच मावशींच्या कापणीची जागा आमच्या तक्त्यात सगळ्यात भरलेली होती. शेजारचा तुकडा ज्यांचा, ते कुटुंब गुरं विकून खाली गेलेलं. तिथं विळा लागला नव्हता. चराई नाही, कापणी नाही, म्हणजे फुलं जास्त, असं कुणीही म्हणेल. उलटंच निघालं. जुनं गवत आडवं पडून त्याचा जाड थर झाला होता, खाली उजेड नाही, आणि फाल्गुनात तेच वणव्याचं सरपण. कास पठारावरही जाळीचं कुंपण घालून गुरं अडवली, पुढे ती जाळी काढावी लागली. इंग्लंडात १९३०नंतर फुलांची कुरणं जवळजवळ ९७ टक्के गेली. जी उरली ती टिकावीत म्हणून बी पडल्यावर उशिरा कापणी करणाऱ्या शेतकऱ्याला सरकारी पैसे मिळतात. इथं खड्डा खणायला रोज आहे, भारा कापून माळ जिवंत ठेवायला काही नाही.

तरी कापा कधीही, असंही मी म्हणणार नाही. नवरात्राच्या आधी विळा लावला तर सोनकीचं बी धरायचं राहून जातं. आणि गुरं फार झाली की कुसळीच तेवढी उरते.

सध्या वाडीत सामूहिक वनहक्काच्या दाव्याचं बोलणं चालू आहे. २००६च्या कायद्यात चराईचा हक्क आहे; माझं सांगणं एवढंच, की गवत कापायच्या जागा नकाशावर वेगळ्या दाखवा, नाहीतर पुन्हा कुणीतरी येऊन फलक लावेल. मावशींचं म्हणणं निराळं. निम्म्या माळावर हिरडा लावू, निम्मं गवताला ठेवू. बाळहिरड्याचे रोख पैसे येतात, गवताचे येत नाहीत. मला पटत नाही. वीतभर मातीत हिरडा धरणार नाही, असंही मी म्हणाले. “कडंला माती खोल हाये,” त्या म्हणाल्या. ते खरं आहे. कुठला निम्मा हे ग्रामसभेत ठरायचंय, तेव्हा चौकटींचा नकाशा घेऊन जाणार आहे.