पाच की सात?

मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाला मी आयुष्यात एकदाच गेलो, आणि तेथेही निवड मुलीनेच केली. त्यामुळे दोन चांगल्या गोष्टी समोर ठेवून त्यांतली एक पसंत करण्याचा मला सरावच नाही. कापडाच्या दुकानात गादीवर दहा साड्यांचा ढीग पडला की मी हळूच बाहेर सटकतो आणि पानाच्या ठेल्याशी उभा राहतो. अशा माणसावर एकसष्टाव्या वर्षी दोन मोटारींतली एक निवडण्याची पाळी यावी, आणि त्याही कोटीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मोटारींतली, हा दैवाचा विनोदच म्हणायचा.

तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ दिवाळीच्या निमित्ताने आपली श्रीमंती मिरवायला निघाला. तसे नाही हो. भोसरीला माझा लहानसा कारखाना आहे. 1993 साली एका जुन्या लेथवर तो सुरू झाला, आणि तेव्हापासून मी दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी बुश आणि पिना कातत आलो आहे. माझी स्वतःची गाडी मात्र चौदा वर्षांची होऊन खोकू लागली होती. त्यातच 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवरचा कर बदलला. पूर्वी 28 टक्के जीएसटी आणि त्यावर अधिभार मिळून जो आकडा पन्नाशीला पोचत असे, तो सरळ चाळीस टक्क्यांवर आला. "आता तरी घ्या. पैसे काय बरोबर नेणार आहात?" असे सौ. म्हणाली. दसरा दहा दिवसांवर होता.

निवड दोन नावांवर येऊन थांबली : ऑडीची क्यू-सेव्हन आणि मर्सिडीजची जीएलई. दोन्ही घराणी जर्मन. पण मौज अशी की, दोन्ही गाड्यांची जुळणी आपल्याच मुलखात होते. पहिलीची छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला आणि दुसरीची चाकणला. चाकण म्हटले की मला अजून कांद्याचा बाजारच आठवतो.

मी पडलो यंत्रातला माणूस. वहीत दोन रकाने आखले. क्यू-सेव्हनचे इंजिन तीन लिटरचे, सहा सिलिंडरांचे, पेट्रोलवरचे. शक्ती 340 अश्व, टॉर्क 500 न्यूटन-मीटर. मी पाहिलेली जीएलई दोन लिटरची, चार सिलिंडरांची, डिझेलवरची. शक्ती 269 अश्व, पण टॉर्क 550. टॉर्क म्हणजे काय, ते सौ.ला समजावून देण्याचा मी प्रयत्न केला. घट्ट बसलेला नट सोडवताना पान्याच्या टोकाला आपण जोर लावतो. त्या जोराने नटाला जो पीळ बसतो तो टॉर्क. आणि तो पीळ किती झपाट्याने देत राहतो, त्यावर अश्वशक्ती ठरते. "म्हणजे एक घोडा आणि एक बैल," ती म्हणाली. पॉलिटेक्निकच्या तीन वर्षांत मला इतके सोपे करून कोणी सांगितले नव्हते. मोकळ्या रस्त्यावर धावायला घोडा, भरल्या गाडीने घाट चढायला बैल.

बाकी रकान्यांत डावे-उजवे करणे कठीण होते. एक पाच मीटरांहून थोडी लांब, दुसरी थोडी आखूड. आमच्या सोसायटीतल्या जागेत दोन्ही सारख्याच अडकणार होत्या. दोघींची चारही चाके जोर घेणारी, दोघींच्या डोक्यावर काचेचे छप्पर. फरक खरा एकच : एकीत सात आसने, दुसरीत पाच.

मर्सिडीजच्या दालनातला तरुण फार गोड बोलत होता. कॉफीचा पेला पुढे करीत त्याने विचारले, "घरात माणसं किती, सर?"

"दोन," मी म्हणालो.

"सात," सौ. म्हणाली.

दोन्ही उत्तरे एकदमच बाहेर पडली. तो बिचारा एकदा माझ्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहत राहिला.

घरी येताना मी विचारले, "सात कुठून काढलीस?" तिने बोटे मोडली. "तुम्ही, मी, मुलगी आणि तिची दोन पोरं. जावई वर्षातले आठ महिने बोटीवर, त्यांना धरत नाही. झाली पाच." मग जरा थांबून, खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली, "आणि वाईची दोन."

वाईची दोन म्हणजे माझा दादा आणि वहिनी. गेली आठ वर्षे आमच्या घरात हा आकडा कोणी मोठ्याने उच्चारला नव्हता.

1974 साली वडील गेले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि दादा एकोणीस वर्षांचा. तो वाईच्या एसटी आगारात हेल्पर म्हणून लागला आणि पुढे मेकॅनिक झाला. "एसटी 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला निघाली, आणि मी सात वर्षांनी तिच्या मागून," असे तो अभिमानाने सांगे. त्याच्या पगारावर मी कराडला डिप्लोमा केला. सुट्टीत घरी आलो की तो डिझेलने काळे झालेले हात पाठीमागे लपवून माझ्या वह्या बघे. पानांना डाग लागू नयेत म्हणून पाने मला उलटायला सांगे.

आणि 2017 साली, वाईच्या आमच्या पडक्या वाड्याला बरे गिऱ्हाईक आले असताना दादा विकायला तयार होईना, म्हणून मी त्याला वकिलाकरवी नोटीस पाठवली. कायद्याने माझा अर्धा हिस्सा होता, यात शंका नाही. दादाने नोटिशीला उत्तर दिले नाही. मीही पुढे काही केले नाही आणि मागेही घेतले नाही. माझी धाकटी नात सहा वर्षांची झाली, पण तिला त्याने पाहिलेले नव्हते.

त्या रात्री झोप येईना म्हणून या दोन मोटारींच्या घराण्यांची हकीकत वाचत बसलो. ऑगस्ट होर्ख नावाच्या गृहस्थाने 1899 साली आपल्या नावाने कारखाना काढला. दहा वर्षांत भागीदारांशी बिनसले आणि तो बाहेर पडला. 1909 साली त्याने दुसरा काढला, तर स्वतःचे नाव वापरायलाही कोर्टाने मनाई केली. 'होर्ख' याचा जर्मन अर्थ 'ऐक'. लॅटिन शिकणाऱ्या एका मुलाने सुचवले की, तोच शब्द लॅटिनमधून घ्या. आणि कारखान्याचे नाव 'ऑडी' झाले. पुढे 1932 साली चार कारखाने एकत्र आले, त्यांत होर्खही होता आणि ऑडीही. ती चार कडी म्हणजे हे चार कारखाने. दुसऱ्या घरीही तीच तऱ्हा. डाइमलर आणि बेंझ यांनी 1886 साली आपापल्या गावी मोटारी बनवल्या. पुढे वर्षानुवर्षे एकमेकांशी स्पर्धा केली, आणि 1926 साली दोघांचे कारखाने एक झाले. मी पुस्तिका मिटली. सौ. जागीच होती. "उद्या वाईला जाऊन येतो," मी म्हणालो. तिने नुसते "हं" केले आणि ती कुशीवर वळली.

दादा ओट्यावर बसून कुणाच्या तरी सायकलीचे पायडल बसवत होता. मान वर करून त्याने मला पाहिले आणि पुन्हा मान खाली घातली. वहिनी "भाऊजी!" म्हणून दारापर्यंत आल्या आणि तशाच चहा टाकायला आत गेल्या. खंबाटकी चढताना मी चार चांगली वाक्ये जुळवून ठेवली होती. त्यांतले एकही आठवेना.

"दादा, गाडी घ्यायची आहे," मी म्हणालो.

तो पाना फिरवत राहिला.

"दोन पाहिल्यात. ठरत नाहीये."

बराच वेळ गेला. पायडल फिरवून पाहत त्याने विचारले, "इंजिन कितीचं?"

चौथ्या दिवशी दोघे एसटीने पुण्याला आले. मी गाडी पाठवतो म्हणालो होतो, पण "माझं म्हातारपणाचं अर्धं, हिचं बाईमाणूस म्हणून अर्धं, दोघांत मिळून एकच तिकीट पडतं, तुझी गाडी कशाला?" असा त्याचा हिशेब. दोन्ही दालनांनी चालवून पाहण्यासाठी गाड्या दारात आणून उभ्या केल्या. बरोबरच्या तरुणांनी पडदे दाखवले, आसनांवरच्या शिलाया दाखवल्या, स्पीकर मोजून दाखवले. दादाने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "स्टेपनी कुठं आहे?" दोघेही तरुण क्षणभर घुटमळले आणि मागची चटई उचलायला धावले. मग त्याने बॉनेट उघडायला लावले. "झाकण उघडलं तर आत आणखी एक झाकण!" तो पुटपुटला. माझ्या धाकट्या नातीला हे फार आवडले. ती त्याचे बोट धरून प्रत्येक चाकापाशी गेली.

जीएलईत तो पुढे बसला, मागे बसला, चढावर न्यायला लावली. "डिझेल आहे असं सांगावं लागतं," हे त्याच्या तोंडचे मोठे प्रशस्तिपत्र. क्यू-सेव्हनकडे वळताना वहिनींचे गुडघे पाहून त्या तरुणाने बटण दाबले, आणि हवेच्या सस्पेन्शनवरची ती अवजड गाडी नंदीबैलासारखी किंचित खाली बसली. "शिकवलेली दिसते," वहिनी म्हणाल्या. दादाने मागची दोन आसने उभी करायला सांगितली आणि नको नको म्हणत असताना स्वतःच तेथे जाऊन बसला. गुडघे हनुवटीला लागले. बाहेर यायला दोघांचा हात लागला.

मग पँट झटकत त्याने निकाल दिला. "घाटाचं विचारशील तर डिझेल घे. ओढायला तीच चांगली. पण तिच्यात माणसं पाच. हिच्यात मागं पोरं बसतील, मधे बायका. आपण सात आहोत ना?"

त्याने 'तुम्ही' म्हटले नाही. 'आपण' म्हणाला. मी खिशात रुमाल शोधू लागलो. थोड्या वेळाने धीर करून म्हणालो, "दादा, ती नोटीस..."

"आधी गाडीचं बोल," तो म्हणाला.

गाडी क्यू-सेव्हनच घेतली. दुसऱ्या दिवशी वकिलांना फोन करून नोटीस मागे घेतल्याचे पत्र पाठवायला सांगितले. वाड्याचे काय करायचे ते काही ठरलेले नाही. पुढच्या उन्हाळ्यात कौले शाकारायची, एवढे ठरले.

दिवाळीला दोघे पुण्याला आले, आणि 22 ऑक्टोबरला, पाडव्याच्या दिवशी, आम्ही सातही जण वाईला निघालो. दादा माझ्याशेजारी. मधे तिघी जणी आणि त्यांच्यामध्ये चिवड्याचा डबा. अगदी मागे नातींचा दंगा. शिरवळ मागे पडले, खंबाटकीचा चढ लागला, आणि दादाने एकदम हात वर केला.

"गप्प बसा जरा. ऐकू द्या."

पोरी चिडीचूप झाल्या. वळणामागून वळण घेत सातही माणसे आणि फराळाचे डबे घेऊन गाडी चढत होती. दादा डोळे मिटून, आगारात एखाद्या गाडीच्या बॉनेटवर वाकून ऐकावे तसा, कान देऊन ऐकत होता. मीही ऐकत होतो. इंजिन नव्हे, त्याचा श्वास. घाटमाथा आला तेव्हा त्याने डोळे उघडले.

"चांगली आहे," तो म्हणाला. मग खिडकीची काच खाली करीत, वाईची हवा आत घेत, त्याने पुढे जोडले, "पण डिझेलच घ्यायला हवी होती."