काळ्या सोन्याची गाडी

होस्टेलवर कुणी "तू कुठला?" विचारलं की मी "वणी" म्हणतो. "म्हणजे कुठे?" हा पुढचा प्रश्न ठरलेला! यवतमाळ जिल्हा म्हटला की लोकांना फक्त कापूस आठवतो. त्या कापसासाठी इंग्रजांच्या काळात नॅरोगेजची 'शकुंतला' आली. ती आता बंद पडली. पण वणीहून वर्धा नदी ओलांडून माजरीकडे जाणारी कोळशाची गाडी काही थांबत नाही.

मित्रांनो, या भागातला कोळसा बाहेर न्यायला वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली ती १८७० च्या दशकात. तेव्हा कोळसा लागायचा इंजिनांना. पुढे इंजिनं डिझेलवर आणि विजेवर गेली. कोळशाचं मोठं गिऱ्हाईक झालं वीज केंद्र. १९७३ मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये वेकोलि आली आणि १९८३ पासून चंद्रपूरची युनिटं एकामागून एक सुरू झाली.

आमचे आबा तरुणपणी खाणीच्या सायडिंगवर कोळसा भरायचे. डोक्यावर टोपलं, पायाखाली फळी. डब्बे चारचाकी, वीस-बावीस टनांचे. "चार माणसं दिवसभर झिजत, तवा एक डब्बा भरे," असं ते सांगतात. १९८० च्या दशकात आठ चाकांचे बॉक्स-एन डब्बे आले, एकेक साठ टनांच्या आसपास. आता लोडर काही तासांत अख्खी रेक भरतो. वीज केंद्रात वॅगन टिपलर डब्बा घट्ट पकडून चक्क उलटा करतो. बॉबर डब्ब्यांचं तर पोटच खालून उघडतं. टोपलं गेलं, त्याचं मला दुःख नाही. आबांची मान अजून दुखते.

आता थोडं गणित, शेवटी आपण इंजिनिअर! एका युनिट विजेला साधारण पाऊण किलो कोळसा धरा. २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने दिवसभर चालला तर पावणेचार हजार टन लागतो, म्हणजे ५८ डब्ब्यांची जवळपास एक रेक. चंद्रपूर आज २९२० मेगावॅटचं आहे. ते पूर्ण चालवायचं तर रोज तेरा-चौदा रेक कोळसा हवा. म्हणूनच २०२२ च्या उन्हाळ्यात कोळशाच्या रेकना वाट द्यायला रेल्वेने कितीतरी पॅसेंजर गाड्या रद्द केल्या.

आता दुसरं गणित. आमच्या विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे. आठ तास चालली तर तीसेक युनिट, म्हणजे वीस-पंचवीस किलो कोळसा. आबांचं एक टोपलं! पण शेतीच्या लाइनला रात्रपाळी आली की बाबा रात्री दोनला बॅटरी घेऊन ओलिताला जातात. हरभऱ्यात साप असतो, रानडुक्कर असतं. आई बाजेवर जागी असते. दूरवरून रेकचा आवाज येत असतो.

हजारो टन कोळसा नदीपार नेण्याचं इंजिनिअरिंग माणसाने दीडशे वर्षांत पक्कं जमवलं. पण एका टोपल्याची वीज बाबांना दिवसा मिळावी, हे अजून जमायचं आहे. प्लेसमेंट कुठेही होवो, माझ्यापुरता प्रोजेक्टचा विषय ठरला आहे.