पॉवर मेमोरियल नावाची शाळा

मुलांनो, शाळेला कुलूप लागलं की त्या शाळेचं पुढं काय होतं, असा विचार कधी केलाय का तुम्ही? दिवाळीच्या नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीचं कुलूप नव्हे हं! कायमचं कुलूप.

मी जिल्हा परिषदेच्या एका छोट्या शाळेत शिकवते. आमचा पट आहे १४. तोही पहिली ते चौथी मिळून! दहाच्या आत पट असलेल्या शाळा जवळच्या शाळेत मिसळायचं २०१७ साली आपल्या राज्यात ठरलं. तेव्हापासून आमच्या गावात पटाचा आकडा लहानथोर सगळ्यांना तोंडपाठ असतो. यंदा तिसरीतली एक मुलगी मला म्हणाली, "बाई, शाळा बंद झाली तर आपलं नाव कुठं जातं?" आता, जनरल रजिस्टर दुसऱ्या शाळेकडे सोपवतात आणि दाखला तिथून मिळतो, हे मला ठाऊक आहे. पण तिला काही ते उत्तर नको होतं. म्हणून मी वर्गात एका बंद पडलेल्या शाळेची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हांला सांगते.

ही शाळा अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरातली. नाव पॉवर मेमोरियल अकॅडमी. पॉवर म्हणजे ताकद नव्हे बरं का! जेम्स पॉवर नावाचे एक धर्मगुरू होते. आयर्लंडमधल्या ख्रिश्चन ब्रदर्स या शिक्षकांच्या संघाला १९०६ साली न्यूयॉर्कला आणण्यात त्यांचा पुढाकार होता. त्यांच्या स्मरणार्थ हे नाव. या संघाची सुरुवात एडमंड राइस या व्यापाऱ्याने १८०२ साली आयर्लंडमध्ये गरीब मुलांना शिकवण्यापासून केली. त्यांच्या शाळा आपल्या देशातही आहेत. दिल्लीचं सेंट कोलंबाज त्यांचंच. शाहरुख खान तिथलाच विद्यार्थी! (हे सांगितल्यावर आमचा वर्ग एकदम सरसावून बसला.)

पॉवर मेमोरियल १९३१ साली हार्लेम भागात सुरू झाली आणि १९३८ साली एकसष्टाव्या रस्त्यावरच्या एका दहा मजली इमारतीत गेली. तिथे आधी लहान मुलांचं रुग्णालय होतं. शाळा फक्त मुलग्यांची आणि कॅथलिक. पुष्कळशी मुलं कष्टकरी घरांतली.

या शाळेला जगभर नाव मिळालं ते एका उंच मुलामुळे. ल्यू अल्सिंडॉर त्याचं नाव. शाळा सोडली तेव्हा तो सात फुटांच्याही वर होता! बास्केटबॉलमध्ये त्याच्या संघाने ओळीने ७१ सामने जिंकले. मग १९६५ च्या ३० जानेवारीला गाठ पडली मेरीलँडमधल्या डिमाथा या दुसऱ्या कॅथलिक शाळेशी. एवढ्या उंच मुलाच्या हातांवरून चेंडू टाकायचा तरी कसा? डिमाथाच्या सरांनी काय युक्ती केली असेल, सांगा बघू! सरावाच्या वेळी त्यांनी आपल्या मुलांच्या हातात टेनिसच्या रॅकेट दिल्या आणि त्या उंच धरून चेंडू अडवायला लावलं. झालं! पॉवर मेमोरियल ४६–४३ अशी हरली. शाळकरी मुलांचा सामना, पण बारा हजारांवर माणसं बघायला आली होती.

मात्र त्या शाळेत सगळं छान छानच होतं असं नाही, आणि ते तुमच्यापासून लपवणं मला पटत नाही. ल्यू कृष्णवर्णी होता. एकदा सामन्याच्या मध्यंतरात, चांगलं खेळत नाही म्हणून, त्याच्याच प्रशिक्षकांनी त्याच्या वर्णावरून अतिशय अपमानाचा शब्द वापरला. पुढे मोठेपणी आत्मचरित्रात त्याने हे लिहिलं. तो घाव बरीच वर्षं राहिला. खूप नंतर दोघांचा समेट झाला.

मग एवढी नावाजलेली शाळा बंद का पडली? खेळात हरली म्हणून नव्हे! पूर्वी अशा शाळांत शिकवणारे बहुतेक ब्रदर आणि नन असत. त्यांना पगार जवळजवळ नसेच, म्हणून फी कमी असायची. पुढे संघात येणारे तरुण कमी झाले. पगारी शिक्षक नेमावे लागले, फी वाढली. पुष्कळ कुटुंबं शहराबाहेर राहायला गेली. त्यात इमारत जुनी, दुरुस्तीचा खर्च मोठा. शेजारी लिंकन सेंटर हे भव्य कलाकेंद्र उभं राहिल्यामुळे जागेचे भाव मात्र चढलेले. १९८४ साली शाळा बंद झाली, इमारत पाडली. आता तिथे उंच निवासी इमारत आहे. जिथे फळा होता तिथे आज कुणाचा तरी फ्रिज असेल!

आणि ही काही एकटी नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांमध्ये ५० लाखांवर मुलं शिकत होती. आज ती १७ लाखांच्या आसपास आहेत. पालकहो, पटाची काळजी फक्त आपल्या वाड्यावस्त्यांवर असते असं समजू नका.

आता त्या मुलीचा प्रश्न. ल्यूने पुढे स्वतःचं नावच बदललं. १९६८ साली त्याने इस्लाम स्वीकारला आणि १९७१ पासून जग त्याला करीम अब्दुल-जब्बार म्हणू लागलं. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये त्याने ३८,३८७ गुण केले. तो विक्रम मोडायला २०२३ साल उजाडावं लागलं. लेब्रॉन जेम्सने तो मोडला, त्या रात्री ७५ वर्षांचे करीम मैदानात आले आणि चेंडू त्याच्या हातात दिला. त्यांचं जन्मनाव आता फारसं कुणी घेत नाही. पण त्यांच्या माहितीत हायस्कूलच्या रकान्यासमोर आजही पॉवर मेमोरियल, न्यूयॉर्क असंच छापतात.

हे ऐकून आमच्या चौथीतल्या एकाने वहीच्या पहिल्या पानावर आपल्या शाळेचं नाव पुन्हा एकदा, जरा मोठ्या अक्षरात लिहिलं. खाली गाव, तालुका, जिल्हा सगळं. दुसऱ्या दिवशी बाकीच्या तेराही वह्या तशाच होऊन आल्या.