एक-तीन-चार-दोन

मे महिन्याच्या सुट्टीत आपण बायका काय करतो? कुरडया, पापड, सांडगे. शाळेची अर्धवेळ नोकरी सुटली की मीही तेच करते. यंदा मात्र आमच्या अंगणात कुरडयांच्या शेजारी जुन्या साडीवर मोटारीचे नट-बोल्ट वाळत पडले होते!

त्याचं असं झालं. अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. माझ्याहून वयानं मोठी. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाल्या, पण अण्णांची गाडी आपली दर रविवारी आईंना घेऊन देवळात जायची. यंदा तिनं अंग टाकलं. पंपातून पाणी ठिबकायला लागलं आणि चढावर इंजिन उचक्या द्यायला लागलं. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, मान हलवली आणि म्हणाला, "ताई, भंगारात द्या." ह्यांचंही मत तेच पडलं. अण्णा काही बोलले नाहीत. नुसते पानावरून लवकर उठले.

मला ते बघवेना. म्हटलं, "अण्णा, घरीच करू. तुम्ही सांगा, मी करते."

हे हसले, पण मुंबईला गेले तेव्हा कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून पंप आणि डिस्ट्रिब्युटर शोधून घेऊन आले. ही गाडी जन्मली कुर्ल्याच्या कारखान्यात, तिचं नवं काळीजही तिथूनच आलं म्हणायचं!

आधी बॅटरीची वायर सोडवली. मग इंजिन थंडगार असताना रेडिएटरच्या तळाचा नळ सोडून पाणी परातीत काढलं. (तुमच्या गाडीत रंगीत कूलंट असेल तर परात घेऊ नका आणि ते उघड्यावरही ठेवू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी. मांजरं चाटतात.) पट्टा सैल करून पंखा उतरवला. पंपाचे बोल्ट गंजून धरून बसले होते. जोर केला तर तुटतील म्हणून त्यांच्यावर तेल सोडून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी निमूट सुटले. कुठला बोल्ट कुठला हे विसरू नये म्हणून एका पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढून जिथला तिथं टोचून ठेवला.

पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून ठिबकतं. म्हणजे ते भोक आपल्याला सांगायलाच ठेवलेलं! आमच्या पंपाचं ते भोक कुणीतरी लुकण भरून बुजवलं होतं. तक्रार करणाऱ्याचंच तोंड बंद! जुन्या गॅस्केटचा कागद बोथट उलथन्यानं खरवडला, कारण कण राहिला की पुन्हा गळती. कुकरच्या रिंगेला शीत चिकटलं तर वाफ जाते ना, तसंच. बोल्ट मात्र एकदम आवळायचे नाहीत. समोरासमोरचे, थोडे थोडे.

डिस्ट्रिब्युटर म्हणजे पंगतीतला वाढपी. कॉइलमधून आलेला विजेचा झटका तो चार प्लगना आळीपाळीनं वाढतो. आमच्या वाढप्याचा दांडाच झिजून हलायला लागला होता, मग कुणाच्या पानात वेळेवर पडतंय आणि कुणाच्या नाही! काढण्यापूर्वी आतला रोटर कुठं तोंड करून आहे त्याची खूण मी नेलपॉलिशनं इंजिनावर केली. चार वायरींना एक, दोन, तीन, चार अशा टिकल्या लावल्या आणि स्वतःवर खूश झाले.

नवा बसवला. वायरी लावायची वेळ आली आणि लक्षात आलं की टिकल्या वायरींना आहेत, झाकणाला नाहीत. कुठल्या भोकात कुठली? एक नंबरची जागा रोटरवरून कळली. पुढं?

"अण्णा, क्रम काय?"

अण्णा झाकणाकडे बघत राहिले. "एक," म्हणाले. मग थांबले. "एक..." चाळीस वर्षं ही गाडी ज्यांनी स्वतःच्या हातानं खोलली आणि जोडली, ते अण्णा. कपाळावर घाम आला त्यांच्या. मी घाईघाईनं म्हटलं, "असू द्या, बघते मी," आणि एक, दोन, तीन, चार अशा ओळीनं लावून टाकल्या. चावी फिरवली तर असा बार उडाला की शेजारच्यांचा कुत्रा गच्चीवर पळाला!

आई कुरडया टाकून उठल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या १९९१ सालची हिशेबाची वही घेऊन. शेवटच्या पानावर दूधवाल्याच्या खाड्यांखाली एक गोल, चार टिंबं, एक बाण आणि आकडे: एक-तीन-चार-दोन.

"एकदा घाटात यांनी उलट्या लावल्या होत्या वायरी," आई म्हणाल्या. "बॅटरी धरून मीच उभी होते. तेव्हाच लिहून ठेवलं."

अण्णा ओशाळून हसले. पण पुढचं काम त्यांनीच केलं. छोटा बल्ब वायरीला जोडून, पॉइंट कुठल्या क्षणी उघडतात ते बघत, डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवून नेमका आवळला. हात जराही चुकले नाहीत. जे हातात होतं ते तिथंच होतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आई हळूच म्हणाल्या, "दिवाळीपासून असं होतंय त्यांचं. दोनदा घरचा रस्ता चुकले. शेजारी बसून मी 'डावीकडं' म्हणत राहते." मी पोळी तव्यावर तशीच विसरले.

रविवारी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. पाण्याचा थेंब नाही. अण्णा दार उघडून उभे राहिले, मग चावी माझ्या हातात दिली. "गिअर स्टिअरिंगखाली आहे, हळू टाक," एवढंच म्हणाले. पद्मिनीची पुढची सीट सलग आहे. आई मधे बसल्या, अण्णा खिडकीशी. पहिल्या चौकात मी विचारलं, "अण्णा, कुठं वळू?"

"डावीकडं," दोघंही एकदम म्हणाले.