कापूर पळतो तेव्हा

देवघर आवरताना आजीची पितळी डबी सापडली. उघडली तर कापूर सगळा उडून गेलेला, वास तेवढा शिल्लक. आजीची म्हणावी अशी ती घरातली शेवटची वस्तू होती, तिच्यातलंही असं निघून गेलेलं पाहून उगाच राग आला.

विदर्भातल्या वडशाच्या घरी आजी तांब्याचं घंगाळ राखेने घासायची, वैनगंगेचं पाणी भरायची आणि कापराचा कण त्यावर सोडायची. कण पळत सुटायचा. वळायचा, गिरक्या घ्यायचा, काठावर आपटून परत फिरायचा. मी बोट पुढे केलं की ओरडायची, "बोट नको घालू बापू, पानी चिकट होते!"

हे शाळेत सांगितलं, तर विज्ञानाच्या मास्तरांनी डब्यातल्या वाटीत पाणी घेऊन कापूर टाकला. तो ढिम्म हलला नाही. वर्ग हसला. त्या वाटीत दुपारी भाजीचं तेल होतं, हे मास्तरांना कोण सांगणार? मला तो राग अजून सोडवत नाही, आणि सोडायचाही नाही.

कापूर विरघळतो त्या बाजूला पाण्याचा पृष्ठताण कमी होतो. पलीकडचं पाणी तसंच ताणलेलं असतं, ते कणाला आपल्याकडे ओढतं. पृष्ठभागावर पसरलेला कापूर हवेत उडतो, म्हणून हा फरक मिटत नाही आणि धावणं चालू राहतं. डबी रिकामी केली तीही याच उडण्याने. पाण्यावर आधीच तेलाची साय पसरली असेल, तर ताण सगळीकडेच उतरलेला असतो. मग कापराने कुठे जावं?

तेल किती पुरतं, हे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1890 साली मोजलं. मोठ्या स्नानपात्रातल्या पाण्यावर ऑलिव्ह तेल सोडत कापूर कधी थांबतो ते त्यांनी पाहिलं. थर निघाला सुमारे 1.6 नॅनोमीटर, म्हणजे जवळपास एका रेणूइतका. मास्तरांच्या वाटीत त्याच्या हजारो पट असणार.

पुढच्याच वर्षी जानेवारीत रॅलेंना जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगहून पत्र आलं. ॲग्नेस पॉकेल्स, वय 28, विद्यापीठाचं तोंड न पाहिलेली, आजारी आईवडिलांचं घर सांभाळणारी. पत्र्याचं कुंड, त्यावर सरकती पट्टी आणि पाण्यावरून तराजूने उचललेलं एक बटण, एवढ्या सामानावर तिने पृष्ठताण मोजला होता. रॅलेंनी ते पत्र 'नेचर'मध्ये छापून आणलं. खरकट्या भांड्यांच्या पाण्याकडे बघताना हे तिला सुचलं, असं सांगतात. मला त्यात नवल वाटत नाही. तेलकट पाणी आणि निर्मळ पाणी यांतला फरक भांडी घासणारीइतका कुणाला कळणार?

आमच्याकडे तर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत भांड्यांचा डोंगर. दिवाळी सरली की वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या संध्याकाळी गावोगाव सुटायच्या. आमच्या गल्लीला नाटक असलं की घरी पाहुणे मावत नसत. रात्री मांडवात रंगमंचाची पूजा व्हायची, कापूर पेटायचा, नांदी सुरू व्हायची. आणि आजी विहिरीवर राखेत हात घालून बसलेली. पहिला अंक तिला कधी मिळाला नाही. सकाळी शेजारणीकडून ती तो ऐकून घ्यायची आणि पुढे वर्षभर, खलनायकाच्या नकलेसकट, स्वतः पाहिल्यासारखा सांगायची.